पत्राला चिकटवलेले केस

शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ जानेवारी १९७३

नबीलाल पेंटर, मुक्काम वारणानगर, यांस गुंडू पेंटरचा नमस्कार.

पत्राचं कारण भांडण न्हाय आणि समेटबी न्हाय. कारण ब्रश हाय. तवा फाडायच्या आधी पत्र शेवटपर्यंत वाचावं.

आपण फुटबॉलच्या भांडणावरनं दुकान सोडून साखर कारखान्याच्या नोकरीला गेलात, त्याला वर्ष होत आलं. टँकरवर नंबर घालता आणि 'वाहने सावकाश चालवा' लिवता, असं कळलं. बरं हाय. आमचंबी झकास चाललंय. एकट्याला काम उरकत न्हाय एवढं चाललंय. माझ्या दारासमोरच्या भिंतीवर आपण जे लिवून ठेवलंय, ते अजून तसंच हाय. आपल्या खालच्या तालमीच्या टीमनं आमच्या वरच्या तालमीला फुटबॉलात हरवलं, मान्य. पर म्हणून कुणी आपल्या भागीदाराच्या दारासमोर पुरुषभर उंचीचा '५–२' काढतंय व्हय? तेबी लाल सावली देऊन? चुना महाग झालाय म्हणून पुसला न्हाय, दुसरं कारण न्हाय.

आता मुद्द्याचं. आपल्या पेठेतल्या पीरसाहेबांच्या दर्ग्याला नवी कमान बांधली. गिलावा असा केलाय की हात फिरवला तर घसरतोय. आणि त्या कमानीवर नाव लिवायचं काम मला मिळालंय! मर्दा, मला! रस्त्याकडच्या बाजूला मराठी, आतल्या बाजूला उर्दू, एकेक अक्षर हातभर उंच! येणारा-जाणारा मान वर करून वाचणार. कमिटीचे चमनचाचा सवता दुकानात आलते. म्हणाले, "गुंडू, नबीलाल असता तर तुला विचारलंच नसतं. पर तो गेलाय, तवा तू कर." तोंडावर म्हणाले. मी म्हणलं, चालतंय की!

बावीस फेब्रुवारीला उरूस हाय. त्याच्या आत दोन्ही बाजू झाल्या पायजेत, न्हायतर चाचा सांगलीचा पेंटर आणणार. सांगलीचा! आपल्या पेठेत सांगलीचा माणूस शिडीवर चढला तर मी तोंड कुठं लपवू, सांग.

अडचण एकच. दुकानाचे ब्रश आणायला कायम तू जायचास. (बघ, तू लिवलं गेलं. आता खोडत बसत न्हाय.) तू आणायचास, मी वापरायचो. तू मागं ठेवून गेलेले ब्रश आता दात घासायच्या लायकीचे राह्यलेत. मग परवा गेलो राजारामपुरीला. तिथं बाळासोनं रंगाचं नवीन दुकान घातलंय. त्यानं कपाटातनं एक पेटी काढली, आणि काय सांगू तुला! ब्रश न्हाईत ते, नवरदेव हायत. पांढरेशुभ्र केस, दांडीला असलं पॉलिश की त्यात बघून मिशी कातरावी. परदेशी माल हाय म्हणाला. मी पेटीच उचलली! तिथनं तडक चमनचाचांकडं. चाचांनी केसांवरनं बोटं फिरवली, गालाला लावून बघितलं, म्हणाले, "माशाल्ला, रेशीम हाय रेशीम."

तर तुझ्याबिगर ब्रश घेता येतोय, एवढंच कळवायचं हुतं. आणि सहज एक विचारतो. नवा ब्रश वापरायच्या आधी तू त्याला काय करायचास? पाण्यात ठेवायचास का तेलात? दुकानात मागं बसून कायतरी करायचास एवढं आठवतंय. उलट टपाली कळव.

गुंडू

१७ जानेवारी १९७३

नबीलाल,

तुझं कार्ड पोचलं. वर्षानं पत्र लिवलंस ते एवढंसं! ना नमस्कार, ना खुशाली. "केस कशाचे हायत? एक उपटून उन्हात धर. टोकाला दोन फाटे दिसले तर डुकराचा. असला तर कमानीला लावू नको." संपलं.

मी हसलो आधी. म्हणलं, जळतोय. मग पायरीवर उन्हात गेलो, केस उपटला, धरला डोळ्यापुढं. फाटे! दोन! दुसरा उपटला, त्याला तीन! नबी, पायरीवरच बसलो. चमनचाचांच्या गालाला लागला की रं तो!

देवाची दया एवढीच की कमानीला अजून ब्रश लागला न्हवता. नुस्ती दोरी मारून रेघा आखल्यात. गप बसलो असतो तर कुणाला कळणार हुतं, असं एक डाव मनात आलं, खोटं कशाला बोलू. पर चाचांच्या डोळ्यात बघून लिवायचं कसं? गेलो. उभ्या-उभ्या सांगून टाकलं. चाचा नळाकडं गेले, हात धुतले, गाल धुतला, परत धुतला. मी आपला उंबऱ्याबाहेर मान घालून उभा. मग बाहेर येऊन म्हणाले, "बस. तुला ठावं न्हवतं, मलाबी न्हवतं. हितंच संपलं. पर गुंडू, आता नबीलालनं पास केल्याबिगर एकबी ब्रश कमानीला लागणार न्हाय. तू सांगितलेलं चालायचं न्हाय."

असा तुझा मान वाढलाय. फुगू नको.

पेटी घेऊन बाळासोकडं गेलो, म्हणलं बदलून दे. तो म्हणतोय, "पावणं, डुकराचा केस म्हंजे ब्रशातला राजा! भिंत रंगवा, दार रंगवा, वर्षानुवर्षं हलणार न्हाय." म्हणलं, राजा आसंल, पर ह्या कमानीतनं त्याला आत जाता येत न्हाय. शेवटी कबूल झाला. मग मी दुकानातल्या एकेका ब्रशाचा एकेक केस उपटाय लागलो. बाळासो वराडला, "ब्रश घेताय का कोंबडी सोलताय?" गिऱ्हाईकं जमली. मी म्हणलं, वारणानगरला तज्ज्ञ बसलाय आमचा, त्याला पाठवायचेत.

तर ह्या पत्राच्या खाली पाच केस डिंकानं चिकटवलेत, प्रत्येकाच्या शेजारी नंबर घातलाय. कुठला कशाचा आणि कुठला घ्यायचा, लगोलग कळव. दिवस चाललेत. बाळासोनं पाची ब्रश बाजूला ठेवलेत, पर तोंड वाकडं करून.

तू सवता आला असतास तर दोन मिनिटांचं काम हुतं. पर तू येणार न्हाईस, मला ठावं हाय. मीबी बोलवत न्हाय.

गुंडू

२९ जानेवारी १९७३

आरं लेका नबी,

तू माणूस हायस का भूत?

तुझं कार्ड पोस्टमननं दिलं तवा मी शिडीवर हुतो. वरच वाचलं आणि पडलो असतो. "एक नंबर शेळीचा. रंग पितो, सोडत न्हाय. दोन घोड्याच्या शेपटीचा, झाडू कर त्याचा. तीन खारीचा, घे. चार तुझा हाय, पिकाय लागलास. पाच नायलॉन."

व्हय, घातला हुता मी माझा! तुझी परीक्षा घ्यायला, कानामागचा उपटून! बाळासोचे ब्रश चारच हुते. पर कसं वळखलंस रं? कार्ड आईला वाचून दाखवलं. आई आधी लई हसली, मग पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "त्याला म्हणावं, ही तान्हुबाईबी पिकली, तिचाबी केस बघायला ये." मी तिला म्हणलं, असलं काय लिवत न्हाय मी. पर लिवलं.

आता ब्रश घेतल्याची हकीकत ऐक. कार्डाच्या मागच्या बाजूला तू बारीक अक्षरात लिवलतंस ते बाळासोसमोर मोठ्यानं वाचलं. "दुकानात ब्रशाचं टोक डिंकानं बसवलेलं असतंय, त्याला भुलू नको. पाण्यात धुऊन डिंक काढ. मग मनगटानं एक झटका. टोक आपणहून जमलं तर घे, फिस्कारलं तर ठेव. आणि केस पत्र्याच्या टोपीत हलतोय का ते बघ." मी म्हणलं, बाळासो, पाणी आण. त्यानं च्या आणला. म्हणलं, च्या तू पी, पाणी आण! आणलं बाबा. खारीच्या केसाचे दुकानात तीन ब्रश हुते, दिसायला तिघं जुळे भाऊ. पयला धुतला, झटकला, तर फिस्कारून नांगीगत उभा! दुसरा जमला, पर टोपीत केस डुलत हुते. तिसरा... मर्दा, तिसरा झटकला आणि असा एका टोकावर आला, मी दुकानातच "आला!" म्हणून वराडलो. रस्त्यावरची माणसं बघाय लागली. बाळासोचं तोंडच बदललं. आता तोबी येणाऱ्या गिऱ्हाइकाला ब्रश झटकून दाखवतोय आणि म्हणतोय, वारणानगरची पद्धत हाय ही.

आई म्हणाली, "रामाच्या खारीचा केस पिराच्या कमानीला. चांगलंच की." चमनचाचांना तुझं कार्ड दाखवलं, त्यांनी तीन नंबरवर बोट ठेवून दोनदा वाचलं आणि मान हलवली.

आणि नबी, मराठीची बाजू झाली! झाली! 'पीरसाहेब' मधल्या 'पी'ची वेलांटी एका दमात वळवली, मधी ब्रश उचलला न्हाय. 'दर्गा'वरचा रफार असा बसलाय की तुला दाखवावासा वाटतोय. आजपतोर एवढं बरं अक्षर माझ्या हातनं आलं न्हवतं. खाली उतरून लांबनं बघितलं आणि "कसं हाय?" म्हणून मागं वळलो. मागं कोण न्हवतं. सवय हाय, दुसरं काय.

आता उर्दू. चाचांनी कागदावर लिवून दिलंय, मी आपलं चित्रागत उतरवतोय. तुझ्या अब्बांनी तुला घोटून घेतलंवतं, मी तवा पतंग उडवत हुतो. आधी पत्र्यावर करून बघितलं. रेघ जाड सुरू हुती आणि जाता-जाता बारीक हुती, तिथं खारीचा ब्रश लोळतोय, उठतच न्हाय. चाचांनी पत्रा बघितला, म्हणाले, "गुंडू, हे उर्दू न्हाय, ही गोगलगाय हाय." तू उर्दूला कुठला ब्रश वापरायचास? लाल दोरा गुंडाळलेला एक हुता, तो तू संगं नेलास. कशाचा हुता तो?

त्या '५–२' चं खरं सांगतो आता. चुना महाग न्हवता. दोनदा बादली भरून नेली. पर त्या पाचाच्या पोटाचा बाक बघितला की हातच उठत न्हाय. शिव्या देत परत येतो.

गुंडू

९ फेब्रुवारी १९७३

नबी,

"बैलाच्या कानातला केस. लवतो आणि उठतो. बाजारात मिळणार न्हाय, मी सवता बांधला हुता, तो झिजला." हे तू आता सांगतोस?

सगळं कोल्हापूर पालथं घातलं. लक्ष्मीपुरीत विचारलं, भाऊसिंगजी रोडला विचारलं. बाळासो आता आपला माणूस झालाय, त्यानं मुंबईला पत्र टाकलं. उत्तर आलं, मिळंल, पर म्हैना लागंल. म्हैन्यानं काय, उरूस झाल्यावर लावू?

मग गेलो हंबीररावमामांच्या गावाला. मामांची बैलजोडी तुला ठावंच हाय. मामांनी विचारलं, काय पायजे? म्हणलं, मामा, बैलाच्या कानातले केस. मामांनी मामीला हाक मारली, म्हणाले, "गुंडूला सावलीत बसवा, ऊन लागलंय." समजावून सांगितलं तवा तयार झाले. कात्री घेऊन मी कानाजवळ गेलो, तर बैलानं मान अशी झटकली की मी शेणाच्या ढिगात. उजवं मनगट मुरगाळलं. केस आले चिमूटभर, तेबी आखूड. आणले, दोऱ्यानं बांधले. ब्रश न्हाय रं, मेलेलं झुरळ दिसतंय.

आणि काल सांगलीचा पेंटर येऊन गेला. कमानीच्या आतल्या बाजूला टेप लावून माप घेऊन गेला! चमनचाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुंडू, माझा इलाज न्हाय. कमिटी थांबत न्हाय. वीस तारखेला, मंगळवारी ब्रश लागला न्हाय तर बुधवारी तो लिवणार." आमच्याच तालमीतली पोरं म्हणत्यात, नबीलाल गेला आणि गुंडूचं निम्मंच दुकान राह्यलं. मी त्यांच्यावर धावून गेलो. पर खोटं काय बोलत हुती ती?

नबी, तुझ्या कारखान्याच्या यार्डात ह्या दिवसांत ऊसगाड्यांची रीघ लागती. बैलच बैल. गाडीवान तुझ्या वळखीचे. तुला एक ब्रश बांधायला किती वेळ लागंल? बांध आणि पाठव.

न्हाय, थांब. हे पत्र फाडून नवीन लिवणार हुतो, पर राहू दे. खरं लिवतो. ब्रश आला तरी ती बाजू मी लिवणार न्हाय. मनगटाचं निमित्त न्हाय, ते बरं हुईल. पर तिथं तुझा हात पायजे. मी चमनचाचांना सांगून टाकलंय, उर्दूची बाजू नबीलाल लिवणार, मंगळवारी सुरू करणार. तुला न इचारता सांगितलंय. चाचांनी इचारलं, तो यायचाय का पर? मी म्हणलं, येणार की, पत्र आलंय. असलं धडधडीत खोटं पिराच्या दारात बोललोय मी. आता तूच ते खरं करशील तर हुईल.

मला तुझी आठवण येती. रोज येती. फुटबॉल गेला खड्ड्यात. झालं, लिवलं. आता ह्याच्या पुढं काय लिवायचं राह्यलं न्हाय.

गुंडू

२० फेब्रुवारी १९७३, मंगळवार

सौ. हाफिजाभाभींना गुंडूचा सलाम.

भाभी, घाबरू नका, पोलिसात जाऊ नका. नबीलाल हितं हाय! धडधाकट हाय. "ब्रश पोस्टात टाकून आलोच" म्हणून काल घरातनं निघाला म्हणं. तो आमच्या दुकानाच्या पायरीवर उगवला, कारखान्याच्या खाकी कपड्यात, पायात घरातल्या सपाता. मी म्हणलं, पोस्ट एवढ्या लांब हाय व्हय तुमच्यात? तर म्हणतोय, पोस्टावर इस्वास न्हाय, केस मोडत्यात. तेवढंच बोलला आणि तोंड फिरवून बसला. रात्री आईच्या हातचं जेवला, आईशी बोलला, बाळासो भेटाय आला त्याच्याशी बोलला, माझ्याशी न्हाय.

आज सकाळी हातपाय धुऊन कमानीशी गेलो. नबीलालनं खिशातनं ब्रश काढला. भाभी, तुमी बघितलाच आसंल, तुमच्याच ओढणीचा दोरा काढून बांधलाय म्हणं. काय ब्रश! चमनचाचांनी हातात घेतला, नबीलालकडं बघितलं. नबीलाल म्हणाला, "बैलाच्या कानातला हाय, चाचा. यार्डातल्या गाडीवानांनी सवता कातरून दिलाय, एकाबी बैलाला दुखवलं न्हाय." चाचांनी बिस्मिल्ला म्हणून परत दिला. सांगलीचा पेंटरबी आलावता. तो खाली सायकल धरून उभा राह्यला आणि बघतच राह्यला.

मी शिडी धरली. नबीलालनं वर जाऊन पयली रेघ ओढली. जाड सुरू झाली, आणि भाभी, अशी बारीक हुत-हुत गेली, शेवटाला दिसली न्हाय नुस्ती कळली.  मग वरनं वराडला, "गुंड्या, रंग घट्ट झालाय, टर्पेंटाईन घाल की! का झोपलास?" वर्षानं गुंड्या म्हणाला. मी एवढं टर्पेंटाईन वतलं की रंगाचं पाणी झालं. त्यावरनं शिव्या घातल्या त्यानं, लई शिव्या घातल्या. झकास वाटलं.

दुपारपतोर निम्मी बाजू झाली. उद्या पुरी हुईल. खाली उतरला तवा नबीलालचे डोळे भरलेवते.  परवा उरूस हाय, पोरांना घेऊन सकाळच्या गाडीनं या. आई वाट बघती.

आपला गुंडू

(खाली दुसऱ्या हातानं, बारीक अक्षरात)

हाफिजा, रडला गुंडू. मी शिडीवर हुतो, मला सगळं दिसत हुतं.

कारखान्यात माझ्या रजेचा अर्ज देऊन ये. किती दिवसांची, ती जागा कोरी ठेव.

नबीलाल